मालासह परत

"रिकामी? माझ्या दारातली करंडी रिकामी जातली? त्यापरीस माका त्या करंडीत घाल आणि डिचोलीक धाड," असं मावशी ओरडत होती. मुळगावातली कुत्री खाणीवरचे सुरुंग ऐकत लहानाची मोठी झालेली, सहसा कशाला दचकत नाहीत. तीसुद्धा उठून देवळामागं जाऊन बसली. मी सोप्यावर निळी प्लास्टिकची करंडी पोटाशी धरून उभा होतो. करंडीत दोन नारळ होते, केळीच्या पानात बांधलेली कोकमाची सोलं होती आणि वरती कढीपत्त्याची एवढी मोठी फांदी होती की लांबून बघणाऱ्याला मी झाड उचलून चाललोय असं वाटावं. मी एकेक जिन्नस बाहेर काढत होतो आणि ती तो परत आत घालत होती. हा कार्यक्रम अर्धा तास चालला होता.

"मावशे, ही भाजीची करंडी. ती रिकामीच परत करायची असते. नियम आहे."

"नियम तुज्या कारखान्यात. हांगा माणसां रावतात."

माझी ही धाकटी मावशी म्हणजे जिला काहीही देता येत नाही अशी अखिल गोव्यातली एकमेव व्यक्ती. घेत नाही असं नाही. घेते, पण घेतल्याचा असा काही बदला घेते की देणाऱ्यानं कानाला खडा लावावा. मागच्या चवथीला मी तिला साडी नेऊन दिली. परत निघालो तेव्हा माझ्या स्कूटरवर पुढे केळ्यांचा घड, मागे नारळाचं पोतं आणि हॅंडलला दोन्हीकडून लोंबकळणारे सुरण. वाटेत पोलिसानं अडवलं आणि दुकान कुठे लावणार म्हणून विचारलं. घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "साडी देऊन आलात की बागायत लुटून?" आणि हे सगळं जिच्या परसातून निघालं, त्या बाईच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी काय शिजलं होतं हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.

ते कळलं पुढं काही महिन्यांनी. मावसा खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, मग ट्रक गेला, मग मावसाही गेला. मूलबाळ नाही. परसात दोन माड, चार केळी आणि एक कोकमाचं झाड. त्याखेरीज पालेभाजी म्हणून काही लावलं तर माकडं ते मावशीच्या आधी जेवतात. मावशीला साखर आहे आणि डॉक्टरनी ताजी भाजी रोज खायला सांगितलेली. पण गुडघे बसल्यापासून तिचा बुधवारचा डिचोलीचा बाजार सुटला होता. काय जेवलीस म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, "तांबडी भाजी." म्हणजे लाल माठ. एकदा मी सहज टोपावरचं झाकण उचललं. आत पेज होती. बाजूच्या बरणीत मिठाच्या पाण्यातली कैरी. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उचललं, तेव्हाही तेच. तांबडी भाजी तिनं तीन महिन्यांत पाहिलेली नव्हती.

म्हणून मी तिला एका भाजीच्या योजनेत घातलं. कमी उत्पन्नाचं कार्ड असलेल्या घरांनी तालुक्यातल्याच शेतकऱ्यांची भाजी मोबाईलवरून मागवायची, निम्मी किंमत आपण द्यायची, निम्मी योजना भरते, आणि बुधवारी टेम्पो करंडी घेऊन दारात. पुढच्या बुधवारी टेम्पोवाल्यानं भरलेली करंडी ठेवायची, रिकामी न्यायची. इतकं सोपं की लहान मूलही करील. पण मावशी लहान मूल नव्हती, हीच अडचण.

मावशीकडं साधा, बटणांचा फोन. त्यामुळं दर रविवारी माझा मोबाईल घेऊन मी मुळगावात हजर. मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअर सांभाळतो, सहा दिवस माल घ्यायचा आणि माल द्यायचा, आणि सातव्या दिवशी मावशी. पहिल्या रविवारी मी पोचलो तर ती आत साडी बदलत होती. काठाची साडी, केसात अबोली, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, कुठं निघालीस? "बाजाराक मरे," ती म्हणाली, आणि सोप्यावर माझ्या शेजारी बसून मोबाईलकडं बघू लागली. घरातल्या साडीवर तिनं एकदाही भाजी मागवली नाही. बाजारात चार लोक बघतात, असं तिचं म्हणणं. मोबाईलमध्ये कोण बघतंय, हे विचारायची सोय नव्हती.

मग वांग्याचं चित्र आलं. मावशीनं ते अंगठ्यानं दाबून पाहिलं, कवळं आहे का म्हणून. काच कडक लागली. तिनं पुन्हा दाबलं, थोडं बाजूला दाबलं, देठाकडं दाबलं. "जून आसा," असा निकाल देऊन ती भेंडीकडं वळली आणि मी पाहतो तर आमच्या नावावर अकरा किलो वांगी. दर दाबाला एक किलो. ती कमी करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिनं मुळ्याची परीक्षा घेऊन सात जुड्या केल्या होत्या.

भाव ठरलेला असतो हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तिनं मला योजनेच्या कचेरीत फोन लावायला लावला. तिथं रविवारीही एकच मुलगी असते, फोनही तीच घेते आणि खिडकीवरही तीच बसते. ती नम्रपणे म्हणाली, "आजी, दर कंप्युटरवर असतात, माझ्या हातात नाही." मावशी म्हणाली, "तुज्या हातात ना, बरें. तू खंयची गो?" मुलगी मोरजीची निघाली. "मोरजेची? थंय कासवां आणि टुरिस्ट. भेंड्यातलें तुका कितें कळटलें?" पंचवीस मिनिटं हा संवाद माझ्या पैशांनी चालला. शेवटी मुलीच्या आईचे गुडघे कोणत्या बाजूनं दुखतात, त्यावर निर्गुडीचा पाला कसा बांधायचा, आणि मुलीनं लग्नाची घाई का करू नये इथपर्यंत सगळं ठरलं. भेंडीचा भाव होता तोच राहिला.

भाजी आली की तिची तपासणी. भेंडीचं शेपूट मोडून मावशी कानाशी नेते. आवाजावरून ती भेंडी नदीकाठची की डोंगराकडची, खाणीच्या धुळीतली की स्वच्छ मातीतली, सकाळी काढलेली की आदल्या संध्याकाळी, हे सगळं सांगते. एकदा तर भेंडी मोडून म्हणाली, "हाच्या घरात भांडण जालां." मी हसलो. पुढच्या रविवारी तिनं त्या मोरजीच्या मुलीकडून त्या शेतकऱ्याचा नंबर काढला आणि खरंच त्याचा भावाशी वाटणीवरून वाद चालू होता. आता गोव्यात कोणाचा भावाशी वाटणीवरून वाद चालू नसतो, हा मुद्दा मी मांडला, पण तो कोणी ऐकला नाही.

एवढं सगळं मी सोसलं, कारण मावशी भाजी खात होती. टोपावरचं झाकण उचललं की वाफेबरोबर मुळ्याच्या भाजीचा वास यायचा. मी मनात म्हणायचो, अकरा किलो वांगी काय, एकवीस किलो येऊंदेत.

फक्त एक गोष्ट मला माहीत नव्हती, ती म्हणजे बुधवारी काय होतं. बुधवारी मी तुयेला. मावशीच्या पिढीत कोणाच्या घरून भरून आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर, तेही नाही तर तुळशीचं पान. माझी आई हेच करायची, मलाही ठाऊक आहे. करंडी भरून आली, म्हणून मावशीनं ती भरून परत पाठवली. पहिल्या बुधवारी नारळ, दुसऱ्या बुधवारी केळ्यांचा फणा, मग सोलं, मग लोणच्याची बाटली. आणि टेम्पो चालवणारा गृहस्थ चंदगडकडचा, भरघोस मिशांचा, दिवसाला पाच शब्द बोलणारा आणि कमालीचा प्रामाणिक. त्याच्या फोनवर करंडी घेताना दोनच बटणं असतात: 'रिकामी' आणि 'मालासह परत'. करंडीत माल दिसतोय. दुसरा कोणी असता तर नारळ सीटखाली गेला असता. ह्यानं इमानानं 'मालासह परत' दाबलं आणि नारळ कचेरीत जमा केला. चार बुधवार.

दर वेळी माझ्या मोबाईलवर संदेश येत होता: 'आपल्याला भाजी पसंत पडली नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मला वाटलं, कर्ज देणाऱ्यांसारखंच कोणीतरी उगाच दिलगीर होतंय. परत आलेला माल म्हणजे नापसंत माल, हे ज्यानं वीस वर्षं स्टोअरमध्ये लिहिलंय त्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडू नये, याचं श्रेय मी कोणालाच देत नाही. पाचवा संदेश आला: सवलत थांबवण्यात आली आहे.

मी अर्धी रजा टाकून डिचोलीच्या कचेरीत गेलो. मोरजीच्या मुलीनं पडदा माझ्याकडं वळवला. "सर, चार खेपा, चारही परत. ज्यांना भाजी नको त्यांची जागा यादीतल्या पुढच्या घराला द्यायची असते."

"पण परत काय आलं ते बघितलंत का? भाजी होती?"

टेबलावर तिचा डबा उघडा होता. डब्याशेजारी पेल्यात गुलाबी सोलकढी. तिनं तो पेला हळूच फाईलमागं सरकवला.

"नारळ बरे होते," ती म्हणाली. मग मान खाली घालून, "ह्या बुधवारी एकदाच करंडी रिकामी येऊंदे, सर. तेवढी नोंद झाली की मागच्या चार मी वरिष्ठांना सांगून काढून घेते. पण परत माल आला तर मला काही करता येणार नाही. आणि नारळ पाठवू नका म्हणून सांगा. प्लीज."

तर अशा त्या बुधवारी मी सोप्यावर करंडी धरून उभा होतो. मी तिला कंप्युटर समजावला, बटणं समजावली, यादी समजावली. ती म्हणाली, "त्या कंप्युटराक आवय ना काय?" मी म्हटलं, "कंप्युटरला आई नसते." "मागीर ताका कोण शिकयतलें." नारळ बाहेर काढले, सोलं काढली, फांदी काढली. ती आत जाऊन एक जास्वंदीचं फूल घेऊन आली. तेही काढलं. एक पान टाकलं. करंडी उलटी करून झटकली. शेवटी मीच ओरडलो. "तुला परत पेज आणि कैरी खायची आहे का? तांबडी भाजी खाल्ली म्हणून खोटं सांगायचं आहे का मला?"

मावशी आत गेली आणि तिनं खिडकी लावून घेतली. टेम्पो आला, चंदगडच्या गृहस्थानं करंडीत डोकावून पाहिलं, मग करंडीच्या खाली पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "मावशी बऱ्या हाईत न्हवं?" असं विचारलं, म्हणजे दिवसाचे जवळजवळ सगळे शब्द एका दमात खर्च केले. मी बऱ्या आहेत म्हटलं. त्यानं 'रिकामी' दाबलं.

सवलत सुरू झाली. करंड्या रिकाम्या जाऊ लागल्या, एकीतही पान नाही. रविवारी मावशी साडी बदलून बसायची, वांगी दाबायची, सगळं रीतसर. मला वाटलं, जिंकलो. आयुष्यात तिच्याविरुद्ध एकदा तरी जिंकलो म्हणून मी बायकोला सांगितलंसुद्धा. बायको म्हणाली, "बघा हं."

महिन्याभरानं मोरजीच्या मुलीचा फोन. मुळगावच्या पुढच्या वाड्यांवर टेम्पो उशिरा पोचतोय, पालेभाजी कोमेजते, लोक तक्रार करतात. नकाशावर दिसतंय, दर बुधवारी गाडी दुपारी पाऊण तास एका जागी उभी असते. "जागा तुमच्या मावशींच्या दारात आहे, सर."

मी पुन्हा रजा टाकली. कचेरीकडं जाताना वाटभर मी मावशीला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. मग कधीतरी डोक्यात आलं की इतके महिने दर रविवारी मी तिच्याकडं जातोय, आणि दर रविवारी ती "जेवन वच रे पुता" म्हणून मला जेवायला थांबवू बघते, आणि दर रविवारी मी कपभर चहा उभ्यानंच पिऊन, बायको वाट बघतेय म्हणून निघतोय. तिच्या टोपावरचं झाकण मी पुष्कळदा उचललं. पाटावर एकदाही बसलो नाही. मावसा गेल्यापासून त्या घरात दुसरं पान वाढलं गेलं होतं की नाही, हे मला सांगता आलं नसतं.

कचेरीत चंदगडचा गृहस्थ खिडकीपाशी उभा होता, मिशा नीट पुसलेल्या. मुलीनं त्याच्यापुढं नकाशा धरला आणि शक्य तितक्या कडक आवाजात विचारलं, "मुळगावात दर बुधवारी पाऊण तास काय करता तुम्ही?"

"जेवतो," तो म्हणाला.