आधीचं काही बघायला नको

थिएटरात जाऊन मी मोजकेच सिनेमे पाहिले आहेत. त्यातला सगळ्यात भिकार कोणता असं कोणी विचारलं, तर मला डोकं खाजवावं लागत नाही. गेल्या थंडीत नंदुरबारला पाहिलेला, आकाशयानांचा, इंग्रजीतून हिंदीत केलेला तो सिनेमा.

तो बघायला मी हौसेने गेले नव्हते. माझ्या मुलीला सांगून आलेल्या मुलाने तो ठरवला होता. मुलगा सुरतला नोकरीला, घरचे नंदुरबारचे. आमच्या गावी, प्रकाशाला, पोहे-चहाचा कार्यक्रम होऊन गेला होता, दोन्हीकडून नापसंती नव्हती. पुन्हा एकदा भेटावं असं मुलांचं म्हणणं पडलं. मुलाने सिनेमा सुचवला. मी म्हटलं, ठीक आहे, पण मीही येईन. मग त्याची आईही निघाली. अशा आम्ही दोन बायका, दुपारच्या खेळाला, दोन टोकांच्या खुर्च्यांवर आणि मधे मुलं.

मला हे लग्न जमायला हवं होतं. ते सरळ सांगते. मुलगी नाशिकला औषधांच्या कंपनीत आहे, तिशी जवळ आली आहे, आणि एकदा सुपारी फुटून मोडलं आहे. मोडलं ते तिनेच. नाशिकहून घरी आली आणि बापाला म्हणाली, त्यांचं सामान परत करून या. माझ्या नवऱ्याने साडी, अंगठी, सगळं नेऊन दिलं. कारण काय, ते मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती उठून कामाला लागली. मग मी सोडून दिलं. माझी पपईच्या रोपांची नर्सरी आहे, दिवसभर माणसं येतात, त्यातल्या निम्म्यांना रोपांपेक्षा ह्याच गोष्टीत रस होता. त्यांना मी रोपं विकली, बाकी काही दिलं नाही.

नंदुरबारच्या घराला हे ठाऊक नव्हतं. मी म्हणत होते, आधी थोडं पुढे जाऊ दे, मग योग्य वेळी मी मुलाच्या आईला सांगते. मुलीचं म्हणणं, पहिल्या दिवशीच सांगायचं. पोह्यांच्या दिवशी मी तिला थांबवलं.

तिकिटं काढताना मी मुलाला विचारलं होतं की हे आम्हाला कळेल का, आम्ही ह्यातलं काहीच पाहिलेलं नाही.

“काकू, हा पहिला भाग आहे,” तो म्हणाला. “आधीचं काही बघायला नको.”

मी विश्वास ठेवला. पहिला भाग म्हणजे मूळचा, असंच कोणीही धरेल. आत बसल्यावर कळलं की हा पहिला भाग सगळ्यात शेवटी काढलेला आहे. आधीच्या चार-पाच सिनेमांत एक एकडोळ्या सेनापती आहे, तो अख्खे ग्रह जाळतो. तो लहानपणी कसा होता ते सांगायला आता हा काढला. म्हणजे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा पोऱ्या वाईट निघणार आणि ह्याचा डोळा जाणार. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा तिघींना. पडद्यावर एक गंजकं शिरस्त्राण आलं तर लोक टाळ्या वाजवायला लागले. मी इकडे तिकडे बघितलं. शिरस्त्राणाने काहीच केलं नव्हतं.

पुढे पुढे माझ्याही लक्षात आलं. डोळा कधी जातो, एवढीच वाट बघायची. पोऱ्याजवळ सुरी आली, काटा आला, पक्षी आला, की थिएटर सावरून बसायचं. डोळा शाबूत राहिला की पुन्हा खुर्चीत मागे. अशाने गोष्ट पुढे जात नाही, माणूस नुसता ताटकळतो.

मधेमधे मुलगा माझ्या मुलीला समजावून सांगत होता. हा चांभार म्हणजे दुसऱ्या भागातल्या राजाचा आजा. ही पोरगी म्हणजे चौथ्या भागातल्या म्हातारीची बहीण. सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी निघत होते. एवढं मोठं विश्व दाखवलं, हजारो तारे, आणि माणसं आमच्या जवळच्या ब्राह्मणपुरी गावात असतील तेवढीच.

पोऱ्याचं घर शेतकऱ्याचं होतं. जांभळी जमीन, त्यात निळं पीक, आखल्यासारख्या ओळी. ठिबकची नळी नाही, गवताची काडी नाही, कामाला एक माणूस नाही. आई पांढरे कपडे घालून पिकावरून तळहात फिरवत चालते. कोणीतरी हे बनवताना एकदा शेतात जायला हवं होतं. आमच्या पपईत असा हात फिरवला, चीक लागला, तर दिवसभर खाजवत बसावं लागतं. ती आई अख्ख्या सिनेमात काही काम करत नाही. दारात उभी राहते, पोऱ्याच्या केसांतून हात फिरवते, दूर बघते. तेव्हाच मला कळलं की ही मरणार. जिला काही कामच दिलेलं नाही तिला दुसरं कशासाठी ठेवलं असेल?

मुलाची आई एव्हाना झोपली होती. तिला मी दोष देत नाही.

मध्यंतरात मुलं खायला काही आणायला बाहेर गेली. मी बसून राहिले, पलीकडच्या टोकाला घोरणं चालू होतं. ती परत आली तेव्हा मुलाच्या हातात दोन पुडे होते आणि तो दोन्ही धरून नुसता उभा होता, कोणाला द्यायचे हे विसरल्यासारखा. माझी मुलगी माझ्या बाजूने आत शिरली. वाकून म्हणाली, “माय, मी सांगी दिधं.”

बोलून काय करणार होते, दिवे गेले होते.

उत्तरार्धात डोळा गेला. शत्रू येतात, आई पोऱ्याला पाठीशी घालते, खिडकी फुटते, काच उडते. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिथेच जमिनीवर ती बाई मरून पडली होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे डोळ्यासाठी शिट्ट्या मारत होते. मुलाने मात्र शिट्टी मारली नाही, टाळीही नाही. तो माझ्या मुलीला आता काही समजावूनही सांगत नव्हता. मला वाटलं, संपलं. मग ह्या नुसत्या वाटण्याचाच राग आला आणि मी पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. तिथे पोऱ्या आईजवळ बसून शपथ घेत होता.

आई मेली म्हणून तो ग्रह जाळणार, हे त्या सिनेमाचं सांगणं. आमच्या गल्लीत आई लहानपणीच गेलेले तिघे आहेत. एक रिक्षा चालवतो, एक शाळेत मास्तर आहे, आणि तिसरी आमच्याच नर्सरीत पिशव्या भरते आणि दिवसभर बडबडते. कोणी काही जाळलेलं नाही. माणूस जे करतो त्याचं बिल कोणाच्या तरी मरणावर फाडायचं, ही मला लबाडी वाटते.

सुटल्यावर समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. चहा येईपर्यंतही मुलाला दम निघाला नाही.

“मोडलं कशावरून पण?” त्याने माझ्या मुलीला विचारलं.

त्याची आई चमकली. माझ्याकडे बघितलं. मग तिला हळूहळू कळत गेलं.

“मला नको होतं,” मुलगी म्हणाली.

“का नको होतं, तेच विचारतोय.”

“नको होतं म्हणून.”

“असं नसतं. त्याच्या आधी काहीतरी झालेलं असतं.”

मी मुलाच्या आईकडून तमाशाची वाट बघत होते. तिने चहा बशीत ओतला आणि पोराला म्हणाली, “जाऊ दे ना रे, गंज जणसनं मोडस.” पुष्कळांचं मोडतं, एवढंच तिचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून, हे तुम्ही सांगायला हवं होतं असं म्हणाली. सांगणारच होते, मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली की तिची पोर असती तर तिनेही इतक्यात सांगितलं नसतं. बाई मला आवडली. घर चांगलं होतं, अजूनही म्हणते.

पण पोरगा थांबेना. तो चिडलेला नव्हता, आवाजही चढवत नव्हता. त्याला काही प्रॉब्लेम नाही, फक्त समजून घ्यायचंय, असं तीनतीनदा म्हणत होता. तो आधीचा मुलगा काय करायचा, फोनवर बोलणं व्हायचं का, भांडण झालं का, घरी कारण का सांगितलं नाही. मुलीने दोन-तीन उत्तरं दिली. नंतर ती खारी चहात बुडवून खात राहिली.

मला ते बघवेना. विषय बदलायला मी मुलाला विचारलं की त्या एकडोळ्याच्या आईचं नाव काय होतं.

त्याने आठवून बघितलं. आधीच्या भागांतही कुठे आलेलं नव्हतं म्हणे.

“अडीच तास बसलो, तर बाईला नावही नाही?”

“काकू, ते महत्त्वाचं नाही,” तो समजुतीने म्हणाला. “ती मरते ते महत्त्वाचं. त्याशिवाय तो तसा का झाला हे कळणार कसं?”

‘का झालं’ एवढंच त्याला माझ्या मुलीला विचारायचं होतं आणि सिनेमातलंही एवढंच त्याला कळलं होतं. माझी मुलगी त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. बाजारात भाजी उचलून बघतो आणि परत ठेवतो, तसं.

परतताना, प्रकाशावरून जाणाऱ्या शहाद्याच्या बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, काय करायचं. ती म्हणाली, “तो इचारतच ऱ्हाई.” मी म्हटलं, सांगून टाक ना एकदा काय ते, मिटेल. ती म्हणाली, एक सांगितलं की त्याला त्याच्या आधीचं लागेल. थिएटरात मी तेच बघून आले होते.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. विचारणारच ना माणूस, असं त्याचं मत. त्याचंही चूक नव्हतं. एवढ्या कारणावरून चांगलं स्थळ घालवायचं का, ह्यावर आमची दोन दिवस धुसफूस झाली. मुलगी नाशिकला निघून गेली.

मग नंदुरबारहून फोन आला. त्यांच्याकडून होकार होता. फक्त मुलाला एकदा भेटून थोडं बोलायचं आहे, पूर्वीचं काय ते मोकळं करून घ्यायचं आहे. मी ऐकलं, उद्या कळवते म्हटलं, आणि मुलीला फोन केला. ती म्हणाली, नाही म्हण.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण ते फोनवर काढण्यासारखं नव्हतं. त्यांनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, कारण काही नाही.

“ताई, कारण नसतांना कोणी नही म्हनस का?”

आम्ही म्हणतो, मी सांगितलं.

मग तिने अडचण सांगितली. पोराला नुसतं नाही सांगून भागणार नाही, तो तिच्या मागे लागेल, जेवूसुद्धा देणार नाही. त्याला काय सांगू?

मी म्हटलं, तुम्हाला सुचेल ते सांगा. मुलगी तापट आहे सांगा.

“तापट शे का?”

“नही,” मी म्हटलं. “पन तेवढं कारण चाली जाई.”