धुतलेले पाट

त्या श्रावणात मी देवावर रुसले होते. तोंडाने नामस्मरण चालायचं, ते लहानपणापासूनच्या सवयीने चालतंच, पण मनातून अबोला. शहापूर-मुरबाड रस्त्याला आमच्या घराच्या पडवीत गणपतीचा कारखाना आहे. माझे मालक वीस वर्षं शाडूच्या मूर्ती घडवत होते, आणि ज्याच्या मूर्ती घडवल्या त्यानेच ऐन हंगामात त्यांचा उजवा हात आणि वाचा काढून घेतली. झटका आला, ठाण्याच्या इस्पितळात काही दिवस काढले आणि घरी आणले ते खाटेवरच. बोलणं येईल किंवा येणारही नाही, वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले. मी देव्हाऱ्यापुढे हात जोडायची आणि मनात म्हणायची, तुझंच काम करणाऱ्याचा हात बरा सापडला तुला.

यंदा कारखाना बंद ठेवा, असंच सगळ्यांचं मत पडलं. पण चौसष्ट घरांचे पाट आमच्याकडे येऊन पडले होते. आमच्या भागात गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट महिनाभर आधी आणून ठेवतं आणि चतुर्थीला त्याच पाटावर गणपती बसवून घरी नेतं. काही पाट तीन-तीन पिढ्यांचे. एका वर्षी खाडा झाला की ती घरं दुसऱ्या कारखान्यात जाणार, आणि गेलेलं घर परत येत नाही. मग मालक बरे होऊन उठले तरी उठून करणार काय? मी पदर खोचला. मूर्ती झटक्याआधीच मालकांच्या हातून घडवून झालेल्या होत्या. माझे दीर कसाऱ्याला रेल्वेत होते, ते रजा काढून आले. डोळ्यांची आखणी त्यांनी केली, बाकीचा रंग मी दिला. चतुर्थीला तीन दिवस उरले तेव्हा चौसष्ट मूर्ती तयार होत्या आणि मला वाटलं, जिंकली लढाई.

तिथेच माझी मती फिरली. पाटांवर धुळीचा थर, त्यात कोंबड्यांनी घाण केलेली. देवाचं आसन असं कसं द्यायचं? शिवाय मालक खाटेवर असले तरी कारखान्यात काही कमी नाही हे गावाला दिसलं पाहिजे, हा ताठाही होता, खोटं कशाला बोलू. विहिरीवर बसून मी सगळे पाट राखेने आणि काथ्याने दोन्ही बाजूंनी लखलखीत घासले आणि उन्हात वाळत लावले. दीर आले, त्यांनी एक पाट उलटा केला, मग दुसरा, मग तिसरा, आणि माझ्याकडे वळले.

"वयनी, नावं कुठं गेली?"

नावं पाटाच्या खालच्या अंगाला खडूने लिहिलेली असत. कुणाला केवढी मूर्ती, तेही तिथेच. मालकांनी वही कधी ठेवली नव्हती, सगळं त्यांच्या डोक्यात आणि पाटावर. डोक्यातलं बाहेर येत नव्हतं, पाटावरचं मी विहिरीवर घासून टाकलं होतं. मी तिथेच बसून धाय मोकलून रडले आणि अबोला विसरून देवाकडे ती नावं परत मागत राहिले.

तेवढ्यात डोक्यावर कर्टोल्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी अंगणात आली. तानशाकडच्या पाड्यावरची, असं तिनेच सांगितलं. पाणी मागितलं आणि का रडतेस म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"मंग धन्याला दाव ना पाट."

"त्यांची वाचा गेली गो आजी."

"वाचा गेली. डोले हायत ना? येक हात हाय ना?" तिने पाणी प्यायलं, टोपली उचलली आणि निघून गेली.

मला आधी तिचा रागच आला. मग स्वतःचा. इतके दिवस मी मालकांना भात भरवत होते, कूस बदलत होते, पण कारखान्यातली एक गोष्ट त्यांच्या कानावर जाऊ दिली नव्हती. त्रास नको म्हणून. खाटेवर पडलेल्या माणसाला मी जिवंतपणीच कामातून उठवलं होतं.

पहिला पाट मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने कड चाचपली, एका कोपऱ्यात जळकी खूण होती तिथे बोट थांबलं. ओठ हलायला लागले. किती वेळ नुसतेच हलत होते. मग घशातून आवाज आला, "भो... भोईर." दिरांच्या हातून खडू पडला. मी पुढचा पाट ठेवला. काही नावं तोंडातून आली, काही ठिकाणी दीर घरांची नावं घेत गेले आणि मालक मान हलवत गेले. संध्याकाळपर्यंत एकसष्ट पाट लागले. उरलेल्या तिघांना त्यांची खूण पटेल, असं मनाशी म्हणून मी ते देवावर सोडले. महिनाभरात प्रथमच काही सोडलं होतं.

चतुर्थीला पहाटेपासून माणसं आली. भातसानगरची आली, मुरबाडची आली. मोरयाच्या गजराने पडवी दणाणली. उरलेले तिन्ही पाटही आपापल्या धन्यांनी ओळखून उचलले. एकच म्हातारबाबा अडून बसले.

"ह्यो माजा नाय. माजा काला होता."

मालकांची खाट आम्ही पडवीतच आणून ठेवली होती. त्यांनी मान वळवली आणि जड जिभेने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुजाच हाय. हिनं घासलाय. उचल."

सगळी पडवी हसली. मी रंगाच्या डब्यांमागे तोंड लपवून रडले.

कारखाना त्या वर्षी तगला आणि अजून चालू आहे. मालकांचा उजवा हात पुरता आला नाही, डाव्याने आखणी शिकायला त्यांना दोन वर्षं लागली. त्या म्हातारीला मी बाजाराच्या दिवशी बरेचदा शोधलं, दिसली नाही. ती कोण होती याचा कीस मी काढत बसत नाही. मी त्या दिवशी विहिरीवर देवाकडे फक्त चौसष्ट नावं मागत होते. नवऱ्याचं बोलणं मागायचं मला सुचलंही नव्हतं, आणि त्याने ते न मागता देऊन टाकलं.