सोललेलं संत्रं

बाईंनी पोराच्या घशात दोन बोटं घातली. दीड वर्षाचं पोर. गुदमरलं, लालेलाल झालं. "ओक! ओक म्हणते ना!" बाई किंचाळत होत्या. मी सोलून दिलेली संत्र्याची एक फोड. एवढ्यासाठी. पोर भडभडा ओकलं. नख लागलं असावं, ओकारीत रक्त होतं.

"बाटवलंस माझ्या पोराला," बाई म्हणाल्या.

सदर नावाच्या बड्या वस्तीतल्या त्या पोलीस साहेबांच्या बंगल्यात मी पोर सांभाळायला होते. दिवसभर ते माझ्या कडेवर. त्याची शी मी काढायची, लंगोट मी धुवायची. तेव्हा काही बाटत नव्हतं. संध्याकाळी त्याच्यावर पाणी शिंपडलं की झालं. बाजारातून टोपलीभर संत्री मीच आणायची. साल असली की चालायचं, साल काढली की बाटायचं. सगळं मला पाठ होतं. पण त्या दिवशी बाई शेजाऱ्यांकडे जाऊन बसल्या, पोराला भुकेनं रडून उचकी लागली, आणि मी संत्रं सोललं.

आमच्या घरी 'बाटणं' हा शब्द कोणी काढत नसे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बाबांनी तो घराबाहेर टाकला होता. बंगल्यात मात्र तो रोजचा. घाणीला कधी लागायचा नाही. त्यांच्या तोंडात जाणाऱ्या गोष्टीलाच लागायचा, आणि बाटवणारं माणूस नेहमी आमच्यातलंच.

बाईंनी फाटकाला कडी घातली. माझ्या पायाशी फडकं फेकलं.

"साहेब येईपर्यंत हलायचं नाही. तुमच्या वस्तीत शिपाईच पाठवायला सांगते. आधी हे पूस."

पोर हुंदके देत माझ्याकडेच हात पसरत होतं. घरी बाबा खाटेला खिळलेले, चूल माझ्याच पगारावर. मी फडक्यासाठी वाकलेही. मग डोकं सणकलं.

"माह्या हातानं बाटते न बाई? मंग मी काहून पुसू? तुमचं तुमीच पुसा."

बाहेर जीप थांबली. मी कडी काढली. समोर साहेब. एरवी मी भिंतीला चिकटून त्यांना वाट द्यायची. त्या दिवशी दिली नाही. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घासला. मी मागं वळून पाहिलं नाही.

घरी आईनं कपाळावर हात मारला. "जाय वं पोरी, माफी माग. उद्या काय शिजवू मी?"

"नाई जात."

आम्ही शिपायांची वाट पाहत बसलो. बाबांनी दार उघडंच ठेवायला सांगितलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण ठरलं होतं. विटा वाहीन, गिट्टी फोडीन. ज्या घरात माझ्या हातानं अन्न बाटतं, त्या घराची घाण हा हात काढणार नाही. सडू दे तिथंच.