पाच ओळींची परीक्षा

जाधव सर गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात त्यांचीच तपासणीची स्क्रिप्ट उघडून बसले होते. त्याच्या दहाच दिवस आधी त्यांना फोनवर विचारलं होतं, "सर, तब्येत कशी आहे?" "उत्तम," म्हणाले. मी मान्य केलं आणि फोन ठेवला. सर जाऊन आता महिना होऊन गेला. त्या 'उत्तम'वर मी विश्वास ठेवला, हे ओझं वाहून आता दमले आहे.

कारण असा विश्वास ठेवायचा नाही, हेच तर त्यांनी निवृत्त होईपर्यंत ऑफिसात बारा वर्षं शिकवलं. आमचं सॉफ्टवेअर सी भाषेतलं. जिथे जाईल तिथल्या मशीनवर, तिथल्याच कंपायलरने, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणाऱ्या प्रोग्रामने, ते नव्याने बांधायचं. त्या कंपायलरला काय जमतं आणि काय नाही, हे आधी कळायला हवं. सरांची स्क्रिप्ट त्याला काही विचारत नसे. पाच ओळींचा चिमुकला प्रोग्राम त्याच्यापुढे टाकायची. बांधता आला तर सुविधा आहे, नाही आला तर आपण दुसरी वाट धरायची. अशा ऐंशीएक परीक्षा. मला त्या वेळखाऊ वाटायच्या. एकदा सर रजेवर असताना मी निम्म्या काढल्या आणि सरळ आवृत्तीचा क्रमांक विचारला. कंपायलरने ऐटीत नवा क्रमांक सांगितला आणि ग्राहकाच्या मशीनवर पहिल्याच फाइलला सगळं आडवं झालं. सर ओरडले नाहीत, ओरडले असते तर परवडलं असतं. "अहो, आपण त्याला वय विचारलंत," चष्मा पुसत म्हणाले. "जिना चढायला लावायचं होतं." मग शेजारी बसून सगळ्या परीक्षा माझ्याकडून पुन्हा लिहून घेतल्या.

आणि त्यांच्याच बाबतीत मी तीच चूक केली… "सर, उद्या तासभर याल का, एक परीक्षा अडली आहे," एवढं म्हटलं असतं तरी कळलं असतं. न्हाणीघरापर्यंत जातानाही त्यांना धाप लागत होती, हे सरांच्या पत्नीने, काकूंनी, नंतर सांगितलं.

गेल्या रविवारी काकूंना फोन केला. 'कशा आहात' अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "काकू, तासाभरात तुमच्याकडे बिबवेवाडीला येते. चहा टाका."

त्या म्हणाल्या, "अगं, दूध नाहीये घरात. परवापासून आणलंच नाही."

जाताना मी दूध घेतलं, आणि पोळीभाजीही.