मेंढरं गाभडली होती का?

डॉक्टर गुणमाला मगदूम यांना दहिवडीत दवाखाना घालून तेहतीस वर्षं झाली होती. माहेर माधवनगरचं, वडील तिथल्या कापड गिरणीत. लग्न होऊन माण तालुक्याच्या उन्हात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. साताऱ्यात डॉक्टरांच्या संघटनेनं एका रविवारी उजळणीची परीक्षा ठेवली, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं.

"या वयात परीक्षा कशाला?" धन्यकुमारांनी, त्यांच्या यजमानांनी, विचारलं.

"आपण कुठं कच्चे आहोत ते दुसरं कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

चाळीस प्रश्न होते. आजूबाजूला त्यांच्या मुलीच्या वयाचे डॉक्टर भराभरा खुणा करत होते. सतराव्या प्रश्नात एक मेंढपाळ होता: महिनाभर चढउतार करणारा ताप, अंगाला दरदरून घाम, कंबर धरलेली. गुणमालाबाईंनी निःशंकपणे विषमज्वरावर, म्हणजे टायफॉइडवर, खूण केली. नंतर उत्तरं सांगायला रेश्मा नावाच्या तरुण डॉक्टर उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं, ते उत्तर चुकलं होतं.

"विषमज्वराचा विचार करायला हवाच, मॅडम," रेश्मा म्हणाल्या. "पण तो माणूस मेंढपाळ आहे, हे प्रश्नात मुद्दाम का लिहिलं असेल?"

उत्तर होतं ब्रुसेला. गर्भ पडलेल्या, गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, कच्च्या दुधातून माणसाला जडणारा जंतू. गुणमालाबाईंनी हे कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि मेंढरांच्या मुलखात तेहतीस वर्षं राहून विसरल्याही होत्या.

"औषधानं ताप उतरतो आणि परत येतो, तो का?" त्यांनी विचारलं.

"पेशींच्या आत दडून बसतो हा जंतू. आठवड्याच्या गोळ्यांनी भागत नाही. दोन औषधं, सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता."

गुणमालाबाईंच्या डोळ्यांसमोर त्यांचा नेहमीचा पेशंट, मेंढपाळ कृष्णात उभा राहिला. या वर्षात तीनदा तापानं आला होता. तिन्ही वेळा त्यांनी विषमज्वराचं औषध दिलं होतं, तिन्ही वेळा तो बरा होऊन गेला होता, आणि तिन्ही वेळा त्यांना बरं वाटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याला फोन लावून कुठं आहे तेवढं विचारलं. त्याची मेंढरं रहिमतपूरजवळ एका बागाईतदाराच्या रानात खतासाठी बसवली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी तिकडं वळवली.

कृष्णात वाघरीच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, कडेला घोंगडीवर आडवा होता. बाईंना बघून धडपडत उठला.

"आवं बाई, तुमी हितं कशा?"

"एक विचारायचं राहिलं होतं. तुमची मेंढरं गाभडली होती का?"

कृष्णात चमकला. तापासाठी कुणी त्याला मेंढरांचं विचारलं नव्हतं. "व्हय. गेल्या दिवाळीच्या आगंमागं अकरा गाभडली. पन त्याचं आन् माज्या तापाचं काय?"

"मेलेली कोकरं, वार, ते कोण काढायचं?"

"मी न्हाई. समदं हीच करती." त्यानं चुलीपाशी बसलेल्या बायकोकडं, मनुबाईंकडं, बोट केलं. "मी दूध काढतो. आन् पितो बी, धारंचंच."

गुणमालाबाई मनुबाईंजवळ जाऊन बसल्या. "मनुबाई, तुम्हाला ताप येतो का?"

मनुबाईंनी भाकरी थापायचं थांबवलं नाही. "सांच्याला येतो. पाठ बी लय दुखती. पन ह्येंचाच दवाखाना सरंना, त्यात माजं कवा सांगू?"

तीनदा ही बाई नवऱ्यासोबत गुणमालाबाईंच्या समोरच्या बाकावर बसून गेली होती. तीनदा त्यांनी तिला कृष्णातच्या गोळ्यांच्या वेळा समजावल्या होत्या.

दोघांचंही रक्त साताऱ्याला तपासायला गेलं. दोघांनाही तोच आजार निघाला.

औषध सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात कृष्णातला बरं वाटलं आणि तो गोळ्या सोडायला निघाला. मनुबाईंनी सोडू दिल्या नाहीत. स्वतःची गोळी तोंडात टाकून त्याच्याही हातावर गोळी ठेवायच्या आणि तो गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. सहा आठवडे सरले. ताप परतला नाही, आणि पुढच्या चार महिन्यांतही नाही.

मधल्या काळात दूध उकळून प्यायचं आणि व्यालेल्या मेंढीला हातमोजे घालूनच हात लावायचा, हे मनुबाईंनी शिकून घेतलं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही.

"बाई, आमच्या मेंढरांत ह्यो रोग आला कुठनं?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत," गुणमालाबाई म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

ते दोन दिवसांनी आले, तेव्हा दवाखाना दुपारपुरता बंद ठेवून गुणमालाबाईही मेंढरांपाशी हजर होत्या. गेल्या वर्षी बाजारातून नवा मेंढा आणला होता, असं कृष्णातनं सांगितलं. "त्याच्याकडनं आला असेल, पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," असं म्हणून डॉक्टरांनी रक्त काढायला मेंढ्याला पुढं घ्यायला सांगितलं. मनुबाईंनी त्याला पायांत दाबून धरलं. गुणमालाबाई पदर खोचून शेजारी उकिडव्या बसल्या.

"शीर कुठली घेता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मानेची," डॉक्टर म्हणाले. "लोकर बाजूला करा, दाखवतो."