जुन्या सडकेपलीकडची कबर

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, घरातही नाही. नोकरी सुटली, पण ती आठवण काही सुटत नाही.

कायदेभंगाचे दिवस होते. मी चांदवडला फौजदार होतो. ठाण्याची कोठडी सत्याग्रहींनी भरलेली. त्या गडबडीत मालेगावचा एक म्हातारा विणकर दारात येऊन बसला. प्लेगच्या साथीत त्याची बायको जवळच्या एका खेड्यात वारली होती. तिथल्या लहानशा कबरस्तानात त्याने तिला पुरलं, कबरीवर सब्जा लावला, तुळशीच्या जातीचं ते सुवासिक रोप. मग विणकरांची उरलेली घरं मालेगावला गेली. पोटामागे धावताना परत येणं झालं नाही. आता डोळे जात चालले होते आणि कबरस्तानच सापडत नव्हतं.

"साब, मरेन तेव्हा तिच्या बाजूला जायचं हाय," तो म्हणाला. "फक्त जगह दाखवा."

त्या खेड्यात जाऊन विचारलं, पण कुणालाच काही आठवेना. निघताना गावच्या राखणदाराने हळूच खबर दिली, "सडकंच्या कडंला कांदेवाल्याची विहीर हाय, तिचे दगड बघा." विहिरीच्या बांधकामात घडीव, एका टोकाला गोल केलेले दगड होते. विहिरीच्या मालकाला, त्या मळेकऱ्याला, ठाण्यात आणलं.

"डोंगरातले हायेत, साहेब."

"डोंगरात घडवून मिळतात होय रे? मग आमच्या ठाण्यालाही चार आण की!"

हवालदार हसला. मळेकऱ्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने कबूल झाला: दगड कबरींचे, बापाने आणलेले. कुठून, ते ठाऊक नाही.

मग नाशिकहून गावाच्या जुन्या मोजणीचा नकाशा मागवला. आग्रा सडकेच्या दक्षिणेला लहानसा चौकोन, आत 'कबरस्तान'. मोजणीदार बोलावून हद्दीचे दगड शोधायचे तर फार दिवस गेले असते. मी सडकेपासूनच मोजणीची साखळी धरली. जागा निघाली ती थेट मळेकऱ्याच्या कांद्यात.

"इथं आज्या-पणज्यापासून नांगर चालतोय, साहेब. फाळाला कधी काय लागलं नाय."

"दगडांचंही असंच सांगत होतास."

 खटल्याच्या भीतीने त्याने तुकडा सोडून दिला. म्हातारा ढेकळांत बसला, माती उचलून हुंगली.

"सब्जाचा वास नाय येत, साब."

"इतक्या वर्षांनी कुठला वास, चाचा?"

"हां. सरकारी नक्शा हाय," म्हणाला आणि रडत फातिहा पढू लागला. मला वरून शाबासकी आली.

पुढे आश्विनात दुसऱ्या तपासासाठी त्या गावी गेलो. सडकेच्या उत्तरेला बाभळींत घोडा बांधला, तर पायाखाली काहीतरी चुरडलं आणि गोड वास आला. सब्जा. बाभळींखाली पसरला होता, मध्ये कबरींचे खचलेले उंचवटे. त्यांच्याही पलीकडे गवताने बुजलेली एक वाट. राखणदाराला विचारलं.

"ती जुनी सडक, साहेब. मोटारींसाठी वळण काढलं, तवा सडक इकडं आली."

नकाशा खरा होता. माप मी नव्या सडकेपासून धरलं होतं.

कळवायला हवं होतं. उद्या, परवा करत राहिलो. शब-ए-बरातला, कबरींवर जायच्या सणाला, म्हातारा मुलाचा हात धरून आला, सब्जाचं बी घेऊन. आता त्याला दिसत नव्हतं. कांद्याच्या त्या वावरात बी पेरून म्हणाला, "आता उगवंल, साब." चेहरा इतका निवांत होता की माझी जीभ उचलली नाही. नंतर माझी बदली झाली. काही काळाने कळलं, म्हातारा गेला आणि मुलाने त्याला तिथेच, माझ्या मापाच्या जागी पुरलं.

एकदा खोटं बोललेल्या माणसाचं पुढचं खरंही पोलीस ऐकत नाही, हे मला त्या मळेकऱ्याने शिकवलं. कुठे सब्जाचा वास आला की अजून त्या बाभळींत जाऊन उभा राहतो. सडकेच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला तो, आणि मधून मोटारी जातात.

म्हाताऱ्याचा मुलगा मालेगावात माग चालवतो. त्याला आईची जागा दाखवायची आणि मळेकऱ्याला 'तू खरं बोलला होतास' म्हणायचं, एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.