माझ्या विसाव्याची राखण

आधी आत्याबाईंचं सांगतो, कारण त्या नसत्या तर मी आज या गावात नसतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या सगळ्यांत म्हाताऱ्या. कुणाच्या सख्ख्या आत्या ते आता कुणालाच नीट आठवत नाही, पण पंचांपासून पोरासोरांपर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणतात. नवरा केव्हाच प्रभूकडे गेला, मुलगा पुण्याला कंपनीत आहे, घरात त्या आणि त्यांची शेरडं. मला त्यांनी आजवर एक गोड शब्द दिलेला नाही. तरी मला सांभाळलं ते त्यांनीच.

मी मूळचा चंद्रपूरकडचा, धानाच्या मुलखातला. वडील अंथरुणाला खिळले आणि नववीत माझी शाळा सुटली. मिळेल ते काम केलं. पुढं आमच्या लुथरन मंडळीनं बायबल शिकायला पाठवलं आणि सुवार्तिक, म्हणजे वचन सांगणारा, म्हणून नेमणूक झाली ती थेट इकडं, केजच्या अलीकडच्या एका खेड्यात. पाळकसाहेब शहरात राहतात, ते महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला येतात. बाकी सगळी मंडळी माझ्या हवाली. मंडळी तशी मूठभर घरांचीच, पण त्या घरांचा आवाज मोठा.

इथं आल्यावर पहिला धक्का बसला तो हाकेचा. लोक मला 'मास्तर' म्हणायला लागले. पूर्वी म्हणे इथं देवळाचं, म्हणजे चर्चचं, काम आणि शाळा एकच माणूस बघायचा, तेव्हापासून जो येईल तो मास्तर. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी मास्तर नाही जी, माझी नववीच अर्धी राहिली." तर मंडळीचे थोरले पंच म्हणाले, "अर्धी असू द्या मास्तर, बोर्ड बदलत न्हाईत आमी." हे थोरले पंच निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांच्या प्रत्येक बोलण्यात गाडी येते.

मी मुळातच घाबरट. दारावर थाप पडली की आधी छातीत धस्स होतं, मग मी उठतो. आणि इथं थापेला काळवेळच नव्हती. पहाटे कुणी तरी म्हशीसाठी प्रार्थना सांगायला यायचं. दुपारी कुणाच्या पोराची पोलीस भरती, संध्याकाळी कुणाच्या बोअरचं पाणी. एकदा एक बाई मोबाइल घेऊन आल्या, पडद्याला तडा गेला होता. मी म्हटलं, "याच्यावर काय प्रार्थना करू?" त्या म्हणाल्या, "मोबाइलवर न्हाई हो, मालकावर करा. त्यांना अजून सांगितलेलं न्हाई." प्रत्येक घरी चहा. नको म्हटलं की तोंड एवढंसं करायचे, म्हणून मी पीत राहिलो.

नाही म्हणायला मला जमलंच नाही. मनात एकच धाकधूक असायची. मी शिकलेला नाही. ज्या दिवशी मी एखाद्याला 'आता नको' म्हणेन, त्या दिवशी लोक माझं मोजमाप काढतील, आणि मग यांना कळेल की या मास्तरात काहीच नाही. तेव्हा निदान दार तरी उघडं ठेवावं.

पुढं झोप गेली. जेवण जाईना. एका रविवारी उपासनेत पापांगीकार वाचताना हात असा थरथरायला लागला की ओळ दिसेना आणि घशातून आवाजच निघेना. मी खाली बसलो. मंडळीनं ते फार मनावर घेतलं; त्यांना वाटलं मास्तरला आज पापांची विशेष जाणीव झाली. केजच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. म्हणाले, आराम करा. मला मात्र कळून चुकलं होतं की हे असंच चाललं तर मला घरी परतावं लागेल. घरी म्हणजे कुठं, तर जिथं आईनं अख्ख्या गावाला 'माझा मुलगा देवाच्या कामाला गेला' असं सांगून ठेवलं होतं तिथं. आणि इकडं, माझ्या आधीचे मास्तर गेले तेव्हा मी राहतो ते देवळाचं घर कितीतरी दिवस कुलूपबंद होतं. मुलं मोठी झाली तरी त्यांचं दृढीकरण होईना. म्हणजे शिकवण पुरी करून त्यांना प्रभुभोजनाला बसवणारं कुणी नव्हतंच. मी गेलो असतो तर पुन्हा तेच.

त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेनंतर आत्याबाई उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "पंच, ह्ये पोरगं वाळून चाललंय. कुनाला दिसतंय का न्हाई?"

थोरले पंच म्हणाले, "दिसतंय की, आत्या. मी तेच इचार करायलो. एसटीलासुदा डेपो असतो. गाडी सारखी रोडवर ठिवली तर इंजन बसतंय."

"मंग आजवर कावून बोलला न्हाईस?"

"आता बोलायलो न्हाई का?"

ठराव असा झाला की सोमवारी मास्तरला कुणी काम सांगायचं नाही, दिवसभर आराम. सगळ्यांनी आनंदानं हात वर केले. मग सभा संपवायला प्रार्थना कुणी करायची म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले.

पहिला सोमवार उजाडला. थाप पडली. थोरले पंच. "झोपा, झोपा. मी निस्तं बघायला आलतो, आराम चालू हाय का." ते बसले. त्यांच्यामागून त्यांची बायको चहा घेऊन आली, आरामाच्या दिवशी मी चहा करत बसू नये म्हणून. मग कुणी पिठलं आणलं, कुणी माझ्यासाठी मुद्दाम भात, कारण मी धानाकडचा. आणणारा प्रत्येकजण टेकला. आराम कसा करावा यावर चर्चा झाली. एक काका म्हणाले, "मास्तर, जरा पाय लांब करा की." मी केले. सगळ्यांनी समाधानानं पाहिलं. म्हशीवाल्या बाई दारातूनच म्हणाल्या, "आज काय सांगायचं न्हाई म्हनून सांगत न्हाई. पर म्हशीचं अवघड हाय. उद्या सांगते." आणि गेल्या. त्या 'अवघड'चा घोर मला मंगळवारपर्यंत पुरला. दुपारी इतकी माणसं झाली की शेवटी मीच उठून सगळ्यांना चहा ठेवला.

दुसऱ्या सोमवारी पंचांनी बंदोबस्त केला. स्वतःच ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला परत पाठवू लागले. परत पाठवणं पण त्यांचं कंडक्टरी थाटाचं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि दर थोड्या वेळानं आत डोकावून मला खबर. "मास्तर, टेलरची बायको आलती, हाकलली. डोळ्यात पानी व्हतं तिच्या. तुमी झोपा."

मंडळीचं प्रेम खरं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण त्या प्रेमानं मी मरणार, यातही शंका नव्हती.

तिसऱ्या सोमवारी दिवस उगवायच्या सुमारास, पंच यायच्या आत, मी बॅग भरली, पुढच्या दाराला आतून कडी घालून मागच्या दारानं निघालो आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो. केजची जीप पकडायची, तिथून मिळेल त्या गाडीनं घर. आईला काय सांगायचं ते गाडीत ठरवू. इतक्यात माळाच्या वाटेनं शेरडं आली, आणि शेरडांमागं आत्याबाई.

"कावून? कुठं निघालास?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण आत्याबाईंपुढं येत नाही. "घरी जातो जी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, बॅगेकडं पाहिलं. "लई फुगलीय. दोन दिसाची दिसत न्हाई." मी बॅग पायामागं सरकवली. "जीप कवा येती?"

"भरली की येते."

"मंग टाइम हाय. तवर त्या काळीला वळव, डांबरीवर चाललीय."

मी काळ्या शेळीला वळवायला गेलो. शेळी वळवणं मला सोपं वाटलं होतं. ती डांबरीवरून उतरली, पण परत यायच्या ऐवजी ओढ्याकडं सुटली, आणि मी तिच्यामागं, बाभळीच्या काट्यांतून. शेवटी तिला कानाला धरून उभं केलं तर फाट्यावरून हॉर्न ऐकू आला. जीपवाला मला हाक मारत होता. मी हात वर करणार एवढ्यात आत्याबाईंनीच त्याला हात केला. "जा, जा. मानूस कामात हाय."

जीप गेली. माझी बॅग एका करडाच्या तोंडात होती.

मग आम्ही माळावर गेलो. आत्याबाई शेरडांवर नजर ठेवून बसल्या. इथं आल्यापासून माझ्याशेजारी बसून काहीच न मागणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. त्यानंच माझा बांध फुटला. म्हटलं, "आत्या, मला काही येत नाही. लोकांना वाटतं मास्तर आहे. एक दिवस कळेल त्यांना."

"कळलंय की," आत्याबाई म्हणाल्या. "पैल्याच आयतवारी कळलंय. तू बायबलातलं 'हबक्कूक' वाचताना दोनदा अडकलास."

"मग कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? आमाला तरी कुटं वाचता येतंय ते." त्यांनी एका करडाला खडा मारला. "तू दार उगडतोस, त्ये लई झालं. आता जरा लावायला शिक. पोरांना ती तिसरी आज्ञा घोकून घेतोस न्हवं, शब्बाथ पाळा, इसाव्याचा वार पाळा म्हनून? भिंतीपल्याडच ऱ्हाते, समदं ऐकते मी. आयतवारी तर तू राबतोस. मंग तुजा आयतवार कंचा?"

मी हिवराच्या झाडाखाली आडवा झालो आणि झोपलो. अशी झोप मला आईच्या घरानंतर लागली नव्हती. शेरडांना माझ्याकडून काही नको होतं. कुणाची भरती नव्हती, कुणाचं बोअर नव्हतं. जाग आली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि आत्याबाईंनी अर्धी भाकरी माझ्या उशाशी झाकून ठेवली होती. उरलेली अर्धी त्यांनी खाल्ली की करडानं, ते मी विचारलं नाही.

परत आलो तर ओट्यावर थोरले पंच. आम्ही मागच्या बाजूनं येत होतो, त्यांनी आम्हाला पाहिलं नाही. समोर कुणीतरी उभं होतं त्याला ते हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, सांगत होते, "सकाळधरनं आवाज न्हाई. लई गाढ झोपलेत मास्तर. मी एकदाबी आत डोकावलो न्हाई." दिवसभर त्यांनी रिकाम्या घराची राखण केली होती.

मागच्या दारानं मी आत गेलो, बॅग खुंटीला लावली, तोंड धुतलं आणि पुढचं दार उघडून जांभई दिली. पंच उठून उभे राहिले. चेहरा असा फुलला होता की त्यांना खरं सांगायला जीभ रेटेना. ते काम आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी केलं. पंच थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "म्हंजे गाडी दुसऱ्याच रूटला व्हती. बरं. खुर्ची मी तरीबी टाकतो. बोर्ड दिसला पायजे."

तेव्हापासून तसंच चाललंय. सोमवारी पंच ओट्यावर, मी माळावर. मंडळीत अजून काहींना वाटतं की मास्तर सोमवारी दिवसभर झोपतात, आणि त्यांना माझ्या तब्येतीचं कौतुक वाटतं. आवाज परत आला. हात थरथरायचा थांबला, निदान दर रविवारी तरी थरथरत नाही. म्हशीवाल्या बाईंची म्हैस नेमकी एका सोमवारी व्याली. घरच्यांनीच हात जोडून प्रार्थना केली आणि सगळं नीट पार पडलं. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. इतकं पण नीट व्हायला नको होतं.

मुलांचं दृढीकरणही झालं. पाळकसाहेब आले, त्यांनी मुलांना उभं करून प्रश्न विचारले. एका मुलीला तिसऱ्या आज्ञेचा अर्थ विचारला. ती ठामपणे म्हणाली, "सोमवारी मास्तरच्या दारावर जायाचं न्हाई." मी जमीन दुभंगायची वाट बघत होतो. साहेब हसले, मुलीला बसवलं. जेवताना माझ्याकडून सोमवारचं सगळं काढून घेतलं, मग हळूच आत्याबाईंजवळ गेले आणि विचारलं, "आत्या, माळावर अजून एका माणसाला जागा आहे का?" आत्याबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बूट काडून यावं लागंल."

आता उरलं एकच. सोमवारी हिवराखाली पडल्या पडल्या मला कळलं की मी झोपतो तेव्हा आत्याबाई जाग्या असतात. शेरडांना शब्बाथ ठाऊक नाही. रविवारी देवळातही त्या दाराजवळ बसतात, एक कान वचनाकडं आणि एक गोठ्याकडं. मी परवा म्हटलं, "आत्या, एक दिवस शेरडं मी नेतो. तुम्ही घरी बसा." त्या म्हणाल्या, "तू? काळी तुला नेऊन इकून यील."

म्हणून मी सध्या शिकतोय. कुठली पुढं पळते, कुठली मागं राहते, ओढ्याकडचा उतार कुठून अडवायचा, सगळं. जमायला वेळ लागेल, मला सगळ्यालाच लागतो. पण एक दिवस, त्यांना हव्या त्या वारी, सगळी शेरडं घेऊन मी माळावर जाईन आणि सगळीच्या सगळी परत आणीन, आणि त्या दिवशी आत्याबाई आपल्या घरात पाय लांब करून पडतील. थोरल्या पंचांना त्यांच्या दारापाशी फिरकू देणार नाही, एवढा शब्द मी आत्ताच देऊन ठेवतो.